कर्ता, करण आणि खेळाचा पट : स्वतंत्र संगणकीय खेळाडूच्या घडणीचा इतिहास

१

‘संगणकाने डाव जिंकला’ हे वाक्य आज मराठीत सहज उच्चारले जाते. व्याकरणदृष्ट्या पाहू गेल्यास त्यातील ‘ने’ हा प्रत्यय द्व्यर्थी आहे. ‘गोविंदाने डाव जिंकला’ या वाक्यात तो कर्त्याचा निदर्शक आहे. ‘गोविंदाने हुकमाच्या एक्क्याने डाव जिंकला’ या वाक्यातील दुसरा ‘ने’ मात्र करणाचा, म्हणजे साधनाचा निदर्शक आहे. संगणकाला जोडलेला ‘ने’ यांपैकी कोणता? संगणक हा गोविंदाच्या जागी आहे की हुकमाच्या एक्क्याच्या?

हा प्रश्न केवळ शब्दच्छलाचा नव्हे. पाणिनीने अष्टाध्यायीत कर्त्याची व्याख्या स्वातंत्र्याच्या आधारे केली आहे. क्रियेच्या सिद्धीत जो स्वतंत्र मानला जातो तो कर्ता. महाभाष्यात पतंजलीने या विषयाची जी चर्चा केली तीवरून असे दिसते की, हे स्वातंत्र्य वस्तूला कायमचे चिकटलेले नसते. ते विवक्षेवर, म्हणजे बोलणाऱ्याला काय सांगावयाचे आहे यावर अवलंबून असते. स्वयंपाक करणाऱ्या मनुष्याला दृष्टिआड केले की, ज्यात अन्न शिजते त्या भांड्यालाही कर्तेपण देता येते. म्हणजे वाक्याची चौकट कोठे आखली यावरून कर्ता ठरतो.

यंत्रबुद्धीच्या शास्त्रात ज्याला इंग्रजीत ‘एजंट’ म्हणतात, त्याच्या इतिहासाला ही चर्चा विलक्षण रीतीने लागू पडते. मराठीत ‘एजंट’ म्हटले की विम्याचा किंवा जमिनीच्या व्यवहारातला मध्यस्थ डोळ्यांपुढे येतो. दुसऱ्याच्या वतीने काम करणारा हा त्याचा अर्थ. शास्त्राला अभिप्रेत असलेला अर्थ जवळजवळ उलट आहे : स्वतः पाहणारा, स्वतः निर्णय घेणारा आणि स्वतः कृती करणारा. म्हणून प्रस्तुत निबंधात त्यासाठी ‘कर्ता’ हाच शब्द योजिला आहे, आणि कर्ता ज्यात वावरतो त्या खेळाच्या जगाला ‘परिसर’ असे म्हटले आहे. या दोहोंमधील सीमारेषा निरनिराळ्या काळी कोणी, कोठे आखली, आणि तिच्या स्थानावरून कर्त्याच्या स्वातंत्र्याचा दावा कितपत टिकतो, हे तपासणे हा या निबंधाचा हेतू आहे.

२

प्रारंभीच्या आज्ञावलींत अशी रेषाच नव्हती. क्लॉड शॅनन याने १९५० साली बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्राची रूपरेषा मांडली. आर्थर सॅम्युएल याने आय.बी.एम. कंपनीत ‘चेकर्स’ या सोंगट्यांच्या खेळाची स्वतः शिकणारी आज्ञावली रचून १९५९ साली तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. दोन्ही ठिकाणी पट यंत्राच्या स्मृतीतच मांडलेला होता. खेळाचे नियम आणि खेळणाऱ्याची बुद्धी ही एकाच आज्ञावलीची दोन अंगे होती. पट ‘पाहण्याचा’ प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण तो आधीच संपूर्ण ज्ञात होता.

नेमक्या याच काळात डोनल्ड मिची याने केलेला प्रयोग दिसावयास बालिश, परंतु तात्त्विकदृष्ट्या फार बोलका आहे. महायुद्धाच्या काळात ब्लेचली पार्क येथे अॅलन ट्युरिंगचा सहकारी असलेल्या मिचीने १९६१ साली फुली-गोळ्याचा खेळ शिकणारे एक ‘यंत्र’ चक्क आगपेट्यांचे बनविले. पटाच्या प्रत्येक भिन्न स्थितीसाठी एक, अशा ३०४ आगपेट्या त्यात होत्या. प्रत्येक पेटीत निरनिराळ्या रंगांचे मणी असून प्रत्येक रंग पटावरील एकेका घराचा वाचक होता. पेटी हलवून जो मणी पुढे येईल त्या घरात खूण करावयाची. डाव जिंकल्यास वापरलेल्या प्रत्येक पेटीत त्याच रंगाचे तीन मणी अधिक टाकावयाचे, बरोबरी झाल्यास एक, आणि हरल्यास वापरलेला मणी काढून घ्यावयाचा. अशा रीतीने यशस्वी चालींची शक्यता वाढत जाई आणि घातक चाली हळूहळू लुप्त होत.

येथे कर्ता कोण? आगपेट्यांना पट दिसत नाही. कोणती पेटी उघडावयाची हे माणूस ठरवितो. मणी काढणारा, खूण करणारा, हारजीत ओळखणारा आणि बक्षीस देणारा माणूसच. असे असूनही शिकण्याची क्रिया माणसाच्या ठिकाणी घडत नाही. ती मण्यांच्या संख्येत घडते. खेळाचा काहीही अर्थ न समजणाऱ्या मनुष्याने केवळ सूचना पाळल्या तरी पेट्यांचा खेळ सुधारतोच. म्हणजे पाहणे, करणे आणि मूल्यमापन ही तीन कामे माणसाकडे, तर निवड आणि अनुभवाचा संचय एवढेच यंत्राकडे, अशी रेषा मिचीने नकळत आखून दिली. पुढील साठ वर्षांचा इतिहास ही तीन कामे एकामागून एक यंत्राकडे सोपविण्याच्या प्रयत्नांचा इतिहास होय.

३

रेषा प्रथम स्पष्टपणे आखली गेली ती एका साध्या अक्षरी खेळामुळे. १९८० च्या सुमारास मायकेल टॉय आणि ग्लेन विकमन या सांताक्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी ‘रोग’ नावाचा खेळ रचला. पुढे बर्कली येथील केन अर्नल्ड त्यात सामील झाला, आणि बर्कलीच्या युनिक्स प्रणालीबरोबर तो अनेक विद्यापीठांत पोहोचला. या खेळात चित्रे नाहीत. तळघराच्या भिंती, दालने व वाटा विरामचिन्हांनी दाखविलेल्या; राक्षस म्हणजे रोमन वर्णमालेतील सव्वीस अक्षरे. प्रत्येक डावात तळघराची रचना नव्याने होते. भूभाग पावलापावलाने उलगडतो. आणि खेळाडू एकदा मेला की डाव कायमचा संपतो. खोल तळघरातून एक ताईत शोधून तो भूपृष्ठावर आणावयाचा, हे उद्दिष्ट.

कार्नेगी मेलन विद्यापीठात अँड्र्यू अॅपल, गाय जेकबसन, लेनर्ड हेमी आणि मायकेल मॉल्डिन यांनी हा खेळ स्वतः खेळणारी ‘रोग-ओ-मॅटिक’ ही आज्ञावली तयार केली. तिची खरी नवलाई तिच्या युद्धकौशल्यात नसून तिच्या जागेत होती. ती खेळाच्या आत नव्हती. खेळ ही एक स्वतंत्र प्रक्रिया, खेळाडू ही दुसरी. आणि दोहोंना जोडणारी केवळ दोन नळ्यांसारखी माध्यमे. माणसाच्या टर्मिनलकडे जे अक्षरप्रवाह जातात तेच एका नळीतून तिच्याकडे येत, आणि माणूस ज्या कळा दाबतो त्यांचीच अक्षरे ती दुसऱ्या नळीतून परत पाठवी. पडद्यावर काय उमटले आहे हे तिला त्या प्रवाहावरून स्वतःच जुळवावे लागे. कोणी प्रहार केला, काय सापडले, यासंबंधी वरच्या ओळीत येणारी इंग्रजी वाक्ये ठराविक साच्यांवरून ओळखावी लागत. माणसाला जे दिसत नाही ते तिलाही दिसत नसे.

या शिस्तीमुळेच तिची माणसाशी तुलना अर्थपूर्ण झाली. १९८३ मधील तीन आठवड्यांच्या चाचणीत तिच्या गुणांचा मध्यांक कार्नेगी मेलनच्या संगणकशास्त्र विभागातील पंधरा अव्वल खेळाडूंपैकी कोणाहीपेक्षा वरचढ ठरला. आणि ऑस्टिन येथील टेक्सस विद्यापीठात तर तिने तो ताईत मिळवून भूपृष्ठ गाठले. पाहणे आणि करणे ही दोन कामे येथे यंत्राकडे आली होती. तथापि, शिकण्याचा भाग गौण होता. कोणत्या प्रसंगी लढावे, केव्हा पळावे, केव्हा विश्रांती घ्यावी, याविषयीचे बहुतेक शहाणपण तिच्या कर्त्यांनी नियमांच्या रूपाने आधीच लिहून ठेवले होते. मिचीच्या पेट्या शिकत, पण त्यांना दिसत नसे. रोग-ओ-मॅटिकला दिसे, पण ती फारशी शिकत नसे.

४

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने विशेष लक्ष द्यावे असा टप्पा यानंतरचा आहे. १९८७ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रशिक्षण संस्थेतील फिलिप अॅग्री आणि डेव्हिड चॅपमन यांनी ‘पेंगी’ ही आज्ञावली मांडली. ती ‘पेंगो’ हा खेळ खेळे : बर्फाच्या ठोकळ्यांच्या चक्रव्यूहात एक पेंग्विन आहे, त्याच्यामागे मधमाश्या लागल्या आहेत, आणि ठोकळे लाथाडून त्यांना चिरडावयाचे आहे. यंत्रबुद्धीच्या तत्कालीन रूढ पद्धतीनुसार प्रत्येक ठोकळ्याला नाव किंवा क्रमांक देऊन, सर्व जगाचा नकाशा मनात बाळगून, नंतर योजना आखावयाची असते. शेकडो वस्तू आणि क्षणोक्षणी बदलणारी स्थिती असता ती पद्धत कुचकामी ठरते, असे या दोघांचे म्हणणे होते.

त्यांनी वस्तूंना विशेषनामे देण्याचे टाळले. पेंगीच्या लेखी ‘सत्ताविसावा ठोकळा’ असे काही नाही; ‘मी आता ढकलीत असलेला ठोकळा’, ‘माझ्या पाठीस लागलेली माशी’ एवढेच आहे. वस्तू बदलली तरी नाते तेच राहिले तर पेंगीच्या दृष्टीने काहीच बदलले नाही. मराठी व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर पेंगीचे जग विशेषनामांचे नसून ‘हा’, ‘तो’, ‘येथे’, ‘आता’ अशा दर्शक शब्दांचे आहे. दर्शक शब्दाला बोलणाऱ्याच्या स्थानावाचून अर्थ नसतो. त्याचप्रमाणे पेंगीच्या ज्ञानाला पेंगीच्या स्थानावाचून अर्थ नाही. कर्ता परिसराच्या बाहेर उभा राहून त्याचे वर्णन करीत नाही, तो परिसरातच उभा असतो, हा विचार येथे रचनेत उतरला.

मात्र सीमारेषेच्या दृष्टीने पेंगी मागे गेली होती. तिची ‘दृष्टी’ प्रत्यक्ष पडद्यावर चालत नसे. खेळाच्या अंतर्गत नोंदींवरून पाहण्याची क्रिया आभासाने घडविली जाई. चॅपमनने पुढे १९९० च्या प्रबंधात ‘सोन्या’ ही आज्ञावली रचली. ती राक्षसांशी झुंजण्याचा एक खेळ खेळे आणि खेळत असताना माणसाने दिलेल्या सूचना ऐके. सूचना ही तिच्या दृष्टीने आज्ञा नव्हती. परिस्थितीकडे कोणत्या नजरेने पाहावे याचा तो इशारा होता, आणि अयोग्य वेळी आलेला इशारा ती बाजूस सारू शके. मार्गात उभ्या असलेल्या दोन दारांपैकी ‘ते’ दार कोणते, हे तिला स्वतःच्या चाललेल्या कामावरून ठरवावे लागे. सांगितलेले ऐकूनही स्वतंत्र राहता येते, हे तत्त्व यातून पुढे आले. त्याचे महत्त्व तीस वर्षांनंतर कळावयाचे होते.

५

दरम्यान बक्षीस-शिक्षेवरून शिकण्याच्या शास्त्राला रिचर्ड सटन आणि अँड्र्यू बार्टो यांनी पद्धतशीर रूप दिले. १९९८ च्या त्यांच्या ग्रंथात सीमारेषेसंबंधी एक मार्मिक विचार आहे. कर्त्याला जे मनमानेल तसे बदलता येत नाही ते सर्व परिसरात मोडते. यंत्रमानवाचा हातसुद्धा या अर्थी परिसरच. आणि बक्षीस मोजण्याची व्यवस्था तर नेहमी कर्त्याच्या बाहेरच असली पाहिजे, नाहीतर विद्यार्थ्यानेच आपली उत्तरपत्रिका तपासल्यासारखे होईल.

या विचाराला व्यापक प्रयोगशाळा मिळाली ती २०१३ साली. अल्बर्टा विद्यापीठाशी संबंधित मार्क बेलमार, यावर नड्डाफ, जोएल व्हेनेस आणि मायकेल बोलिंग यांनी १९७७ साली बाजारात आलेल्या अटारी २६०० या यंत्रावरील खेळ संगणकावर चालवून ते कोणत्याही कर्त्यापुढे ठेवता येतील अशी व्यवस्था सिद्ध केली. कर्त्याला १६० × २१० चित्रबिंदूंचा पडदा दिसतो. हातदांड्याच्या नऊ स्थिती आणि एक कळ यांच्या मेळाने अठरा कृती करता येतात. मुख्य अट अशी की, खेळ रचणारे निराळे आणि कर्ता घडविणारे निराळे. एका खेळासाठी खास शहाणपण कर्त्यात भरावयाचे नाही. त्याच वर्षी लंडनच्या डीपमाइंड कंपनीने सात खेळ, आणि २०१५ साली एकोणपन्नास खेळ, एकाच रचनेच्या कर्त्याने केवळ पडद्यावरून व गुणांवरून शिकून दाखविले. मिचीच्या पेट्यांचे शिकणे आणि रोग-ओ-मॅटिकचे पाहणे ही प्रथमच एकत्र आली.

परंतु ‘केवळ पडद्यावरून’ हे शब्द काळजीपूर्वक वाचावयास हवेत. गुणसंख्या कर्त्याने पडद्यावरील आकड्यांवरून वाचलेली नव्हती. ती यंत्राच्या स्मृतीतून काढून त्याला वेगळी दिली जात होती. डाव संपल्याची सूचनाही तशीच. एका चौकटीवरून चेंडू कोणत्या दिशेने चालला आहे हे कळत नाही, म्हणून लागोपाठच्या चार चौकटी एकत्र दिल्या होत्या. यांत गैर असे काही नाही. पण या प्रत्येक ठिकाणी माणसाचा हात रेषेच्या आतून पुढे आलेला दिसतो. ‘माँटेझुमाज रिव्हेंज’ या खेळात, जेथे पहिले बक्षीस मिळविण्यापूर्वी शिड्या, दोर आणि कवटी यांतून लांबचा मार्ग काढावा लागतो, तेथे याच कर्त्याला २०१५ साली शून्य गुण मिळाले. वाट दाखविणारे बक्षीस जेथे नव्हते तेथे त्याचे स्वातंत्र्य दिशाहीन भटकण्याहून वेगळे राहिले नाही.

दुसरा दोष परिसराचा होता. या व्यवस्थेत मूळ स्थिती तीच आणि कृती त्याच असल्या की फळही नेमके तेच मिळे. त्यामुळे पडद्याकडे ढुंकूनही न पाहता कृतींची एक लांबलचक मालिका पाठ करणाऱ्या पद्धतीलाही पुष्कळ खेळांत उत्तम गुण मिळत. यावर उपाय म्हणून २०१८ साली मार्लोस मचाडो आणि त्याचे सहकारी यांनी अशी शिफारस केली की, एक-चतुर्थांश संभाव्यतेने कर्त्याची मागची कृतीच पुन्हा घडावी. दांडा मधूनच अडकल्यासारखा होई. मग पाठांतर निरुपयोगी, आणि पाहणे अपरिहार्य. पाठ केलेला श्लोक आणि स्वतः रचलेले वाक्य यांतील भेद परीक्षकाने प्रश्न फिरवून विचारल्याखेरीज कळत नाही, तसाच हा प्रकार होय.

६

मूल्यमापनाचे काम यंत्राकडे द्यावयाचे की नाही, हा यांतील सर्वांत कठीण प्रश्न. २०१६ साली ओपनएआय या संस्थेने प्रसिद्ध केलेले एक उदाहरण पुष्कळ गाजले. नौकांच्या शर्यतीच्या ‘कोस्ट रनर्स’ या खेळात शर्यत पुरी करणे हा हेतू. पण गुण मिळतात ते वाटेतील लक्ष्यांना धडकल्याबद्दल. कर्त्याला एका खाडीत पुन्हापुन्हा उगवणारी तीन लक्ष्ये सापडली. तो तेथेच गोल फिरत राहिला. नौका पेट घेई, इतरांवर आदळे, शर्यत कधीच पुरी होत नसे. तरीही त्याचे गुण मानवी खेळाडूंच्या सरासरीपेक्षा सुमारे वीस टक्के अधिक भरले. कर्त्याने कोणताही नियम मोडला नव्हता. त्याला जे सांगितले होते ते त्याने केले. जे सांगावयाचे होते ते सांगितलेच गेले नव्हते. शब्दार्थ आणि तात्पर्यार्थ यांतील अंतर मीमांसकांना सुपरिचित आहे. येथे ते पेटलेल्या नौकेच्या रूपाने दृष्टीस पडले.

रेषा आखण्यावरून उघड वादही झाले. डीपमाइंडच्या ‘अल्फास्टार’ने जानेवारी २०१९ मध्ये ‘स्टारक्राफ्ट २’ या युद्धखेळात दोन व्यावसायिक खेळाडूंवर दहा डाव जिंकल्याचे जाहीर झाले. माणसाला नकाशाचा एकेक तुकडा पडद्यावर सरकवून पाहावा लागतो. या कर्त्याला मात्र आपल्या सैन्याच्या दृष्टीतील सर्व भाग एकाच वेळी दिसत होता, आणि त्याच्या काही कृतींचा वेगही आक्षेपार्ह ठरला. माणसाप्रमाणे पडदा सरकविणाऱ्या आवृत्तीशी झालेला प्रत्यक्ष डाव मानवी खेळाडूने जिंकला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात पडद्याचे बंधन आणि कृतींच्या वेगावर कडक मर्यादा घालण्यात आल्या, व तरीही कर्ता सर्वोच्च श्रेणीस पोहोचला. पहिल्या विजयापेक्षा या दुसऱ्या निष्कर्षाचे मोल अधिक आहे, कारण तो कोणत्या अटींवर मिळविला हे स्पष्ट आहे.

७

वर्तुळ पुन्हा अक्षरी तळघरात येऊन मिळते. १९८७ पासून खेळला जाणारा ‘नेटहॅक’ हा रोगचाच विस्तृत वंशज. २०२० साली तो संशोधनासाठी परिसर म्हणून खुला झाला, आणि २०२१ च्या स्पर्धेत अनुभवातून शिकणाऱ्या कर्त्यांवर हाताने नियम लिहिलेल्या कर्त्यांनी स्पष्ट अंतराने मात केली; खेळ पूर्ण मात्र कोणालाच करता आला नाही. रोग-ओ-मॅटिकची परंपरा इतक्या वर्षांनीही जिवंत होती, याचे हे प्रमाण.

यानंतर भाषा स्वतःच कर्त्याच्या घडणीत उतरली. २०२३ मधील ‘व्हॉयेजर’ हा कर्ता ‘माइनक्राफ्ट’च्या विस्तीर्ण जगात वावरताना एका भाषा-प्रतिमानाला पुढचे काम विचारतो, ते करण्यासाठी लागणारी आज्ञावली त्याच्याकडून लिहून घेतो, आणि यशस्वी झालेली कौशल्ये संग्रही ठेवतो. त्याला पडदा दिसत नाही. जवळ काय आहे, हाती काय आहे, याचे शब्दांतील वर्णन त्याला पुरविले जाते. शिवाय ते प्रतिमान असंख्य माणसांच्या लेखनावर घडलेले. तेव्हा येथील निर्णय कोणाचा? चॅपमनच्या सोन्याला एक माणूस अधूनमधून इशारा देत होता; व्हॉयेजरच्या पाठीशी लिहिणाऱ्यांचा सारा समाज मूकपणे उभा आहे.

या इतिहासाचे तात्पर्य पतंजलीच्या भांड्याकडे नेते. यंत्राचे स्वातंत्र्य त्याच्या आतील रचनेत शोधून सापडत नाही. त्याला काय दिसू दिले, काय करू दिले, आणि यश कोणी व कशावरून मोजले, या तीन प्रश्नांच्या उत्तरांतूनच ते ठरते. ही उत्तरे न देता ‘संगणकाने जिंकला’ असे म्हणणे म्हणजे शिजविणाऱ्याला दृष्टिआड करून भांड्याला श्रेय देणे होय. आणि नौका पेटल्यावर दोषही भांड्याच्याच माथी मारणे होय. खेळात याची किंमत फार तर काही गुणांची असते. असेच कर्ते आता खेळाबाहेरच्या व्यवहारांत नेमले जाऊ लागले आहेत, आणि तेथे पेट घेणारी वस्तू पडद्यावरची नसेल. मराठी भाषेने ‘ने’ या एकाच प्रत्ययात कर्ता आणि करण यांना एकत्र ठेवले आहे. त्यांतील भेद करण्याची जबाबदारी मात्र तिने बोलणाऱ्यावर सोपविली आहे.